भट्टीपुढचं पाचारण

माझं अर्पणा हे नाव आईनं ठेवलं. माझ्याआधीची तिची दोन मुलं पाळण्यात घालायच्या आतच गेली होती. माझ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा ती देवळात गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, हे एवढं जगू दे, मोठं झालं की तुझ्या सेवेला देईन. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, हन्ना शमुवेलासाठी बोलली होती, तसंच. हन्नाला मुलगा झाला, आईला मी झाले, पण तिनं शब्द फिरवला नाही. त्यामुळे मोठी झाल्यावर तू कोण होणार, असं मला लहानपणी कुणी विचारलंच नाही. मी बायबल शाळेत शिकणार आणि गावोगाव सुवार्ता सांगत फिरणार हे चाळीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आमच्या लोकांत त्याला 'सेवेत जाणं' म्हणत. देवळातले धर्मगुरू, म्हणजे पाळक, सेवेत असत, प्रचारक सेवेत असत, दवाखान्यातल्या नर्सबाईंना अर्धं माप मिळे. बाकी सगळे जे करायचे ते काम. काम पोटासाठी, सेवा देवासाठी. मधली भिंत चांगली जाड होती.

आमची चाळ देवळाच्या मागच्या अंगाला होती. पुढची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मोरीला लागून एक शेवग्याचं झाड. बाबा मिशनच्या शाळेत शिपाई होते आणि देवळात पेटी वाजवायचे. घरी पेटी नव्हती, म्हणून ते सकाळी पाटावर बोटं आपटत चाल बसवायचे. टकटक ऐकूनच मला कळायचं, रविवारी कुठलं गीत आहे. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. ती पहाटे उठून आमच्या भाकरी थापून जायची, त्यामुळे आमच्या घरात गरम भाकरी फक्त रविवारी मिळे. रविवारी उपासनेनंतर मटण असे. तांबडा रस्सा ताटात वाढून झाला की बाबा डोळे मिटून प्रार्थना सुरू करत आणि त्यात आजारी, प्रवासी, पाऊस, सरकार असं सगळं येई. तोवर रश्शावरचा तवंग गोठायला लागे. आई एक डोळा उघडून म्हणायची, "आमेन म्हणा आता, मटण बी देवानंच दिलंय." बाबा न चिडता आमेन म्हणत. आजही कुणी जेवणाआधी लांबण लावली की माझा एक डोळा आपोआप उघडतो.

अकरावी झाली आणि आईनं मला बायबल शाळेच्या बाईंकडे नेलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला शास्त्रातलं काहीबाही विचारलं, आणि म्हणाल्या, वय कमी आहे, पुढच्या वर्षीच्या तुकडीत घेते. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या वर्षात देवाचं पाचारण नीट ऐक हं. आईनं दिलंय म्हणून येऊ नकोस. त्यानं बोलावलंय म्हणून ये." मला ते बोलणं फार आवडलं, आणि त्याची धास्तीही बसली. कारण मला कुणी बोलावल्याचं काही ऐकू येत नव्हतं. मी रोज सकाळी शेवग्याखाली बसून वाट बघायचे. शेजारच्या घरातली शिलाई मशीन ऐकू यायची, नळावरची भांडणं ऐकू यायची.

वर्षभर घरात बसून काय करणार, म्हणून चाळीच्या पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या शेवंताक्कांनी मला शिरोलीच्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, चिकटवलं. शेवंताक्का मोठ्या आवाजाच्या, ठेंगण्या आणि रुंद. नवऱ्यामागं त्यांनी तिथंच राबून दोन मुली उजवल्या होत्या. आईला त्या म्हणाल्या, "मी सांभाळतो हिला, घोर लावून घेऊ नगा." आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, माझी पुण्याची सून अजून त्याला हसते. आईनं हो म्हणताना बजावलं, "वरसाची गोष्ट हाय. तिथं जीव लावू नको."

आम्ही बायका कोअर करायचो. लोखंडाचा पंप बघितला तर आत पोकळी असते, जिथून पाणी खेळतं. ती पोकळी यावी म्हणून साच्याच्या आत वाळूचा एक आकार ठेवतात, भोवती लोखंडाचा रस ओततात, आणि निवलं की आतली वाळू फोडून काढून टाकतात. तो वाळूचा आकार म्हणजे कोअर. वाळूत तेल आणि साखर कारखान्यातली मळी कालवायची, लाकडी पेटीत दाबून बसवायची, पेटी अलगद उघडायची आणि कोअर पत्र्याच्या ट्रेवर ठेवून ओव्हनमध्ये भाजायचा. भाजताना गुऱ्हाळासारखा वास सुटायचा. पहिल्या दिवशी त्या वासानं मला सारखी भूक लागली. पुढं पुढं वासानं जेवण नकोसं व्हायचं, आणि त्याच्या पुढं तो वास येतोय हेच कळेना. माझे कोअर पहिले काही आठवडे उचलताना मोडायचे. शेवंताक्का माझे हात आपल्या हातात धरून दाबून दाखवायच्या. "लेकराला न्हाऊ घालताना धरतीस तसं धर. लई जोर नगं, लई भ्या बी नगं."

काम मला जमायला लागलं, पण मन तिथं नव्हतं. मी त्या शेडकडे स्टँडवरच्या बाकड्यासारखं बघायचे. गाडी येईपर्यंत बसायचं. दुपारच्या सुट्टीत आम्ही ओव्हनच्या मागच्या भिंतीच्या सावलीत डबे सोडायचो. खर्डा, झुणका, कुणाकडे वांगं. रस ओतणाऱ्यांपैकी दिनकर नावाचा मुरगूडचा एक जण यायचा आणि लांबूनच विचारायचा, "खर्डा हाय का कुणाकडं?" त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोला खर्डा जमत नाही असं तो कौतुकानं सगळ्यांना सांगायचा. मला तो 'पाळकीणबाई' म्हणायचा. "पाळकीणबाई, आमच्यासाठी बी बोला की तुमच्या देवाकडं. हितं लई उकडतंय म्हणावं."

वर्ष सरत आलं होतं, आणि त्या पावसाळ्यात वीज फार जायची. हवेतच ओल, वाळू ओली, आणि ओव्हन मध्येच थंड पडायचा. पंपांची मोठी ऑर्डर होती. कोअर पुरते भाजले की नाही हे बघायला कुणाला सवड नव्हती. सुपरवायझर घड्याळ बघायचे, आम्ही त्यांच्याकडे बघायचो आणि ट्रे बाहेर यायचे. एका दुपारी मी पेटी पुसत होते आणि पलीकडच्या शेडमधून भांड्यात पाणी उकळून सांडावं तसा फसफस आवाज आला, आणि मग माणसांचा. कोअरमध्ये ओल राहिली असली की रस लागताच तिची वाफ होते आणि वाफ रसाला बाहेर फेकते. हे मला ठाऊक होतं, आक्कांनी सांगितलं होतं. पण ठाऊक असणं आणि दिनकरला पोत्यात गुंडाळून टेम्पोकडे नेताना बघणं यात फरक आहे. तो ओरडत नव्हता. त्याचे ओठ हलत होते आणि डोळे उघडे होते. तो कोअर कुणाच्या हातचा, कुठल्या ट्रेमधला, ते कधीच कळलं नाही. कळणारही नव्हतं.

रविवारी उपासना झाल्यावर मी त्याला बघायला सरकारी दवाखान्यात गेले. मनात प्रार्थना तयार करून गेले होते; सेवेत जाणाऱ्या मुलीला हे आलं पाहिजे, असं मला वाटत होतं. गळ्यापासून खांद्यापर्यंत पट्ट्या होत्या, एक कान दिसत नव्हता, पण जिवावरचं टळलं होतं. बायको पाणी आणायला गेली होती. त्याची आई उशाशी बसून त्याला चमच्यानं पेज पाजत होती. मुरगूडकडची शेतकरी बाई, पदर कमरेला खोचलेला. मी प्रार्थना करू का, म्हणून विचारलं. "कर की बाई," ती म्हणाली, आणि मी केली. तिनं चमचा वाटीत ठेवून हात जोडले. संपल्यावर तिनं मला विचारलं, "तू काय करतीस तितं?"

"कोअर करतो. साच्याच्या आत ठेवतात ते."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. तेल आणि मळीनं नखं काळी झालेली असत, रविवारीही निघत नसत. मग ती म्हणाली, "व्हय तर. ओलं होतं म्हनं ते. मग एवढं वाळवून देत जा बाई. पोरं असत्यात समोर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शेजारणीला कुंपणाचं फाटक लावत जा म्हणून सांगावं, तसं ती बोलली आणि पुन्हा चमचा उचलला. मी बाहेर आले, पायऱ्यांवर बसले. मी इतके महिने शेवग्याखाली बसून ज्याची वाट बघत होते, ते हेच का, असं तेव्हा काही वाटलं नाही. लोक सांगतात तसा उजेड वगैरे पडला नाही. एवढंच झालं की केलेली लांबलचक प्रार्थना मला आठवेना, आणि त्या बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे मी चालता येऊ लागल्यापासून ऐकत आले होते. तो शेजारी पलीकडच्या शेडमध्ये चड्डी-बनियनवर रसाचं भांडं धरून उभा असतो, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

त्यानंतर मी ट्रेकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. हात तेच, वाळू तीच. पण कोअर उचलताना मला त्याच्यापुढचा माणूस दिसायचा. रस ओतणारा रहिमान, बाबू, कधी कधी मुरगूडच्या म्हातारीचा चेहरा. मी शेडमध्ये शास्त्रातलं बोलायचं कमी केलं. शेवंताक्कांच्या ते लक्षात आलं. "आजारी हाईस काय गं?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "मग बरं हाय. काम ग्वाड लागतंय तुजं आता."

अपघाताला फार दिवस झाले नव्हते आणि पुन्हा तसाच दिवस आला. सकाळभर वीज नव्हती, दुपारी आली, आणि मगदूम सुपरवायझर घाईघाईनं आले. मगदूम वाईट माणूस नव्हते, हे मला आज लिहिताना मुद्दाम सांगावंसं वाटतं. दिनकरला टेम्पोत घालताना त्यांनीच स्वतःचा शर्ट काढून खाली अंथरला होता. पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतं, आणि माणूस भ्याला की त्याला पुढचा तासच दिसतो.

"अर्पणा, ट्रे काढा. भट्टी तयार हाय."

"ओले आहेत साहेब."

"वरनं ओले वाटतात. काढा."

मी एक कोअर काढून त्यांच्यासमोर मोडला. आतली वाळू काळपट, बोटाला चिकटणारी. त्यांनी ती बघितली. त्यांनाही कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आज गाडी भरायची हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वर काय सांगायचं सांग."

"मी नाही काढणार साहेब. भाजले की काढतो."

मी ओव्हनच्या दारासमोर उभी राहिले, आणि मला आठवतं, पाठीला चांगलीच झळ लागत होती. सगळ्या बायकांचे हात थांबले. मगदूम म्हणाले, "तू पुढच्या महिन्यात जाणार सेवेला. तुला काय फरक पडतोय? ह्यांची पोटं हायत हितं." ते बरोबर मर्मावर लागलं. मग त्यांनी स्वतःच दाराची मूठ धरली तेव्हा शेवंताक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "काढा की साहेब तुमच्या हातानं. मग रस बी तुमीच वता. आमच्या ट्रेपायी आता आमची पोरं जायाची न्हाईत." एकेक करून बायका उठल्या. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, एवढंच. मगदूमनी मूठ सोडली आणि ते वर ऑफिसात गेले.

रस त्या दिवशी उशिरा ओतला गेला. गाडी दुसऱ्या दिवशी भरली. जग बुडालं नाही. मला मात्र पावसाच्या उघडिपीत आठवडाभर उन्हात वाळू चाळायला बसवलं, आणि शेडकडे फिरकायचं नाही म्हणून सांगितलं. आक्का दुपारी माझ्यासाठी ताकाचा तांब्या पाठवायच्या. ओव्हनचं दार मात्र त्यानंतर आक्कांनी एक कोअर मोडून बघितल्याशिवाय उघडलं गेलं नाही. कुणी तसा नियम केला नाही. तसं होत गेलं.

घरी सांगणं याहून अवघड होतं. आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, मी बायबल शाळेत जात नाही, फौंड्रीतच राहते. तिला आधी ते कळलंच नाही. कळल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मी देवाला शब्द दिलाय."

"देवानंच ठेवलंय मला तिथं, आई."

"भट्टीत? वाळूत हात घालाय मी तुला मागून घेतली व्हय?"

"तू वसतिगृहात एवढ्या पोरींचं रांधतेस. ती सेवा न्हाई का?"

"ते पोटासाठी," आई म्हणाली. लगेच म्हणाली, विचार न करता. आणि मग सूप पुन्हा पुढं ओढलं. मला वाटतं, स्वतःच्या तोंडचं ते उत्तर तिलाच ऐकवेना. इतकी वर्षं ती पहाटे उठून परक्या मुलींना गरम जेवू घालत होती, आजारी मुलीची पेज वेगळी चुलीवर ठेवत होती, आणि त्याची किंमत देवाकडे काहीच नाही, असं धरून चालली होती. बाबा पाटावर बोटं आपटत होते, ते थांबले. त्या दिवसापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. जेव. झाकण लाव. पाणी आलंय.

मग एके दुपारी वाळूच्या ढिगापाशी पहारेकऱ्यानं हाक मारली, तुझी आई आलीय. ती फाटकाशी उभी होती, कधी नव्हे ते सिटी बसनं एकटी आलेली, पायांत वसतिगृहातल्या चपला. "कुठं करतेस ते दाखव," म्हणाली. मी तिला आत नेलं. मगदूमनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आक्कांनी तिला पेटी दाखवली, कोअर हातात दिला. आईनं तो दोन्ही तळव्यांवर धरला आणि नाकाशी नेला. त्याच वेळी पलीकडे रस ओतायला घेतला होता. आम्ही दारात उभ्या राहिलो. रहिमान आणि बाबू भांडं वाकवत होते. लाल-पांढरी धार साच्यात उतरत होती आणि त्यांच्या कपाळावरचा घाम इथून दिसत होता.

"आत तुमचं ते हाय?" आईनं विचारलं.

"हो."

ती पदराचं टोक तोंडात धरून बघत राहिली. साचा काठापर्यंत भरला, धार थांबली, काही उडालं नाही. रहिमाननं भांडं खाली ठेवून मान पुसली. आईनं पदर सोडला. "जातो," म्हणाली, "पोरींचं खाणं व्हायचंय." घरी तिनं यातलं काही काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

बायबल शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत माझं नाव घेतलं. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. मी आईवर सोडलं होतं आणि आईनं माझ्यावर. ते म्हणाले, आपल्या मंडळीतली एक कन्या सेवेत जात आहे, तिनं पुढं यावं, आपण तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करू. मी पुढं गेले. सगळी चाळ बाकांवर होती. मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी जात नाही. मी शिरोलीत फौंड्रीतच काम करणार आहे." बाबांची बोटं पेटीवर तशीच राहिली होती.

मग बायकांच्या बाजूनं आई उठली. ती सभेत कधी बोलली नव्हती. "शब्द माझा होता, पाळकसाहेब," ती म्हणाली. "हिला मी देवाला दिली. कुठं ठेवायचं ते मी सांगत बसले होते. त्याचं त्यानं बघितलं." आणि खाली बसली.

पाळकसाहेब म्हातारे होते आणि घाई करणारे नव्हते. त्यांनी शास्त्र मिटलं. "मग प्रार्थना तर करायलाच हवी," ते म्हणाले. "कशासाठी करू, ते तू सांग."

मी म्हटलं, तिथल्या माणसांसाठी करा. त्यांनी नावं विचारली. मी सांगत गेले आणि ते मोठ्यानं घेत गेले: दिनकर, त्याची आई, शेवंताक्का, रहिमान, बाबू. प्रत्येक नावानंतर मंडळी आमेन म्हणत होती, आधी चाचरत, मग नीट. त्या देवळात ही नावं त्याआधी कुणी प्रार्थनेत घेतली नसतील. पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कोण राहिलं का. उन्हात चाळलेल्या वाळूनं अजून हातांची सालं निघत होती.

"मगदूम साहेब," मी म्हटलं.

आईचा आमेन सगळ्यांच्या आधी आला.